घरचा अभ्यास : किती, कसा आणि कोणाचा?

मंडळी, दिवेलागण झाली. जनावरे गोठ्यात आली. चूल पेटली. शाळेतून आलेले लेकरू दप्तर खुंटीला अडकवून खेळायला गेले होते, ते आता घरात शिरले. तेव्हा त्याला आठवण होते, "माय, मला घरचा अभ्यास आहे!" माय म्हणते, "मग बस की." बाप म्हणतो, "इतका वेळ काय करत होतास?" लेकरू वही उघडते. पेन्सिलीला टोक नाही. तेवढ्यात वीज जाते. जेवण होईपर्यंत डोळे मिटायला लागतात. सकाळी वही कोरीच. मग लेकरू म्हणते, "माझं पोट दुखतंय, मी शाळेत जात नाही."

मुखेड तालुक्यात गाव असो, वाडी असो की तांडा असो, हे कितीतरी घरांत घडते. पोट खरोखर दुखत नसते. कोरी वही दुखत असते.

मी पस्तीस वर्षे शाळेत काढली. शेवटी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. एवढ्या वर्षांत मायबापांकडून मी दोन बोलणी सारखी ऐकली. काही म्हणायचे, "गुरुजी, अभ्यास वाढवून द्या. पोरगं नुसतं हुंदडतंय." काही म्हणायचे, "गुरुजी, आम्ही अडाणी. आम्ही त्याचा अभ्यास काय घेणार?" पहिल्यांना वाटते, जितका जास्त अभ्यास तितके लेकरू हुशार. दुसऱ्यांना वाटते, हे काम आपल्या हातचे नाही. हे दोन्ही समज बरोबर नाहीत. का नाहीत, ते आता पाहू.

१. घरचा अभ्यास कशासाठी?

घरच्या अभ्यासाला पुस्तकी भाषेत गृहपाठ म्हणतात. गृह म्हणजे घर. पाठ म्हणजे धडा. शाळेत जे शिकवले ते घरी पुन्हा करून पाहायचे, एवढाच त्याचा अर्थ.

भाकरी कशी थापायची हे आई मुलीला एकदा दाखवते. एकदा पाहून भाकरी येते का? पहिली फाटते, दुसरी वाकडी होते, तिसरी परातीलाच चिकटते. दहा दिवस हात चालला की मग गोल भाकरी येते. पाढ्यांचे तसेच. वाचनाचे तसेच. गुरुजी शाळेत दाखवतात. हात बसतो तो करून करून.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. मिरचीच्या रोपाला पाणी लागते. म्हणून कोणी दिवसभर पाट सोडून ठेवत नाही. पाणी जास्त झाले तर मूळ कुजते. अभ्यासाचेही असेच आहे. सहा-सात वर्षांचे लेकरू शाळेत पाच तास बसून येते. घरी आल्यावर त्याला खेळ पाहिजे, खाणे पाहिजे, आजीजवळ गोष्ट पाहिजे आणि पोटभर झोप पाहिजे. खेळातही ते शिकतच असते. गोट्या खेळताना मोजते. लगोरी रचताना तोल शिकते. भांडण मिटवताना बोलायला शिकते. हा वेळ काढून घेतला आणि त्याला रात्री नऊपर्यंत पाने उतरवायला बसवले, तर ते शिकत नाही. ते अभ्यासाचा राग करायला शिकते.

२. किती असावा?

लेकरांच्या ओझ्याची चर्चा आपल्या देशात जुनी आहे. आर. के. नारायण नावाचे मोठे लेखक राज्यसभेचे सभासद होते. १९८९ साली ते राज्यसभेत शाळकरी मुलांच्या दप्तराबद्दल बोलले. पुढे सरकारने शास्त्रज्ञ प्राध्यापक यशपाल यांच्या हाताखाली एक समिती नेमली. तिने १९९३ साली आपला अहवाल दिला. त्यात एक मोलाची गोष्ट सांगितली आहे. पाठीवरच्या दप्तराचे ओझे तर वाईटच, पण त्याहून वाईट ओझे न समजण्याचे आहे. लेकरू लिहिते, पाठ करते, पण काय लिहिले ते त्याला समजत नाही. हे ओझे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कोणी ते उतरवतही नाही.

त्यानंतर २००५ साली देशासाठी शिक्षणाचा एक आराखडा झाला. २०२० साली केंद्र सरकारने दप्तराचे धोरण काढले. दोन्हींत घरच्या अभ्यासाचे माप दिले आहे. ते असे :

पहिली व दुसरी : घरचा लेखी अभ्यास नाही.
तिसरी ते पाचवी : आठवड्याला जास्तीत जास्त २ तास.
सहावी ते आठवी : दिवसाला जास्तीत जास्त १ तास.

आता थोडे गणित करू. आठवड्याला २ तास म्हणजे १२० मिनिटे. शाळेचे दिवस ६ धरा. १२० ला ६ ने भागा. उत्तर आले २०. म्हणजे चौथीतल्या मुलाला दिवसाला २० मिनिटांचा अभ्यास पुरे. घरच्यांच्या भाकरी थापून होतात तेवढ्यात तो उरकतो.

दप्तराचेही माप आहे. दप्तराचे वजन लेकराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त असू नये. लेकरू २० किलोचे असेल तर दप्तर २ किलोचे. किराणा दुकानात काटा असतोच. एकदा दप्तर काट्यावर ठेवून पाहा. त्या दिवशी लागणार नाहीत ती पुस्तके घरी ठेवायला सांगा.

हे धोरण म्हणजे मार्ग दाखवण्यासाठी दिलेली मापे आहेत. एखाद्या दिवशी पाच मिनिटे जास्त लागली म्हणून कोणी तक्रार करू नये. पण रोजच दोन-दोन तास लागत असतील, तर शाळेत जाऊन विचारायला हरकत नाही.

बाहेरच्या देशांतही हाच विचार चालू आहे. चीन देशात मुलांवर अभ्यासाचा फार भार असतो. तिथल्या सरकारने २०२१ साली नियम केला, की पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ द्यायचा नाही आणि तिसरी ते सहावीला तो साठ मिनिटांच्या आत संपला पाहिजे. अमेरिकेत हॅरिस कूपर नावाच्या प्राध्यापकांनी घरच्या अभ्यासावर झालेल्या पुष्कळ पाहण्या एकत्र करून तपासल्या. मोठ्या वर्गांतल्या मुलांना घरच्या अभ्यासाचा फायदा होताना दिसला. लहान वर्गांत मात्र घरचा अभ्यास आणि परीक्षेतले गुण यांचा संबंध फारच थोडा दिसला. म्हणजे लहान लेकरांना पोत्याने अभ्यास दिला तरी पदरात ओंजळभरच पडते.

३. मग पहिली-दुसरीच्या लेकराने घरी काहीच करू नये काय?

तसे नाही. लेखी अभ्यास नको, एवढेच. ऐकणे, बोलणे, मोजणे आणि वाचणे घरी झालेच पाहिजे. त्यात वाचन सगळ्यांत महत्त्वाचे.

देशात २००५ सालापासून 'असर' नावाची एक पाहणी होते. 'प्रथम' ही संस्था ती करते. गावोगाव घरी जाऊन मुलांच्या हातात सोपा उतारा देतात आणि वाचायला सांगतात. २०२४ सालच्या पाहणीत देशातल्या खेड्यांमधल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या कमी मुलांनाच दुसरीचा उतारा नीट वाचता आला. बाकीची मुले पाचवीत बसतात, पण त्यांचे वाचन दुसरीतच अडलेले आहे.

अशा मुलाला पाचवीचा धडा तीनदा उतरवून आणायला सांगितला तर काय होईल? ते अक्षरांची चित्रे काढील. वही भरेल, पण डोके रिकामे राहील. त्यापेक्षा त्याने दुसरीचे पुस्तक घेऊन रोज एक पान मोठ्याने वाचावे. त्यात लाज नाही. जिथे गाडी अडली तिथूनच ती ओढावी लागते.

४. चांगला अभ्यास कसा ओळखावा?

अभ्यास चांगला की वाईट, हे ओळखायची एक खूण आहे. अभ्यास करताना लेकराला विचार करावा लागतो का? करावा लागत असेल तर तो चांगला. नुसता हात दुखत असेल तर तो वाईट.

"धडा पाच वेळा लिहून आण." यात हात दुखतो.
"आजीला विचार, तिच्या लहानपणी गावात कोणकोणती पिके होती. त्यांची नावे लिही." यात विचार आहे. आजी जोंधळ्याचे, करडईचे, अंबाडीचे नाव सांगते. लेकरू ऐकते, आठवते, लिहिते. आजीलाही बरे वाटते.

"सातचा पाढा वीस वेळा लिही." यात हात दुखतो.
"एका आठवड्याचे ७ दिवस. आई रोज ६ भाकरी करते. आठवड्याच्या किती?" यात पाढाही येतो आणि तो कशाला लागतो तेही कळते.

आपल्या घरात आणि शिवारात अभ्यासाला काय कमी आहे? बाजारातून आणलेल्या सामानाची यादी करा. पाव किलो मिरची, अर्धा किलो गोडेतेल, एक किलो साखर. बेरीज लेकराला करू द्या. सोयाबीनचे कट्टे मोंढ्यावर गेले की पट्टी मिळते. त्यात वजन, भाव, हमाली, तोलाई सगळे लिहिलेले असते. सहावी-सातवीच्या मुलाला म्हणा, "ही पट्टी वाचून दाखव. हिशेब बरोबर आहे का पाहा." मुलाचे गणित होईल आणि तुमचे पैसेही तपासले जातील.

ही काही माझी नवी कल्पना नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोन बाईंनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तो भाग आता पालघर जिल्ह्यात आहे. तिथल्या आदिवासी मुलांना गुरे राखावी लागत. ती शाळेत कशी येणार? तेव्हा शाळाच कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. बिया, पाने, खडे, शिंपले यांच्यावरच मुले मोजणी शिकली. गरिबाच्या घरात अभ्यासाचे सामान नसते, हे म्हणणे त्यांनी खोटे ठरवले.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. कर्नाटक आणि तेलंगणा आपल्याला जवळ. कोणाच्या घरी कानडी बोलतात, कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी उर्दू. तांड्यावर गोरमाटी. लेकरू घरी एक भाषा बोलते आणि पुस्तकात दुसरी वाचते. म्हणून ते मागे पडले तर त्याला मठ्ठ म्हणू नका. त्याला दोन भाषा येऊ लागल्या आहेत. धडा घरच्या भाषेत समजावून घेऊ द्या. "या धड्यात काय आहे, ते मला आपल्या बोलीत सांग," असे म्हणा. समजले की मराठीत लिहिणे जड जात नाही.

५. मायबापाने काय करायचे?

निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत चाले. वरच्या शाळाही उर्दूच. खेड्यात शाळाच थोड्या. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला. त्यानंतर गावोगाव मराठी शाळा निघाल्या. आपल्या आजोबा-पणजोबांपुढे लेकराची वही आली असती, तर बहुतेकांना ती सुलटी की उलटी हेही कळले नसते. तुमच्यापुढे जी वही येते ती तुम्ही वाचू शकता. हळू वाचता येईल, अडखळत येईल, पण येईल.

शाळेत पालकांची सभा भरली की असे बोलणे होते :

आई : गुरुजी, मी आत्ता कुठं अक्षरं शिकले. माझा पोरगा चौथीत आहे. त्याचा अभ्यास मी कसा घेऊ?

गुरुजी : ताई, तुम्ही शिकवू नका. शिकवणे माझे काम. तुम्ही फक्त ऐका.

आई : नुसतं ऐकून काय होतंय?

गुरुजी : त्याला मोठ्याने वाचायला सांगा. तो अडखळला तर तुम्हाला कळेल ना?

आई : कळेल की. थांबतंय, नाहीतर पुटपुटतंय.

गुरुजी : मग म्हणा, "परत वाच." तरी नाही आले तर त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा. दुसऱ्या दिवशी तो शब्द मी सांगतो.

आई : आणि गणित? ते तर मला अजून येत नाही.

गुरुजी : त्याने उत्तर काढले की विचारा, "हे कसं काढलंस, मला समजावून सांग." ज्याला समजले तो सांगतो. ज्याने दुसऱ्याचे पाहून उतरवले तो गप्प बसतो.

आई : एवढं तर मला जमेल.

गुरुजी : जमेल. आणि असे करता करता तुमचेही वाचन सुधारेल.

या बोलण्यात सगळे आले. तरी पाच गोष्टी वेगळ्या सांगतो.

पहिली गोष्ट, वेळ. अभ्यासाची वेळ रोज एकच असावी. झोप यायच्या आधीची असावी. खेळून आले, हातपाय धुतले, काही खाल्ले की वीस मिनिटे अभ्यास. उजेड असतानाच झाला तर विजेचीही वाट पाहायला नको.

दुसरी गोष्ट, जागा. वेगळी खोली कोणाकडे आहे? नसली तरी चालते. ओसरीचा एक कोपरा पुरे. खाली पोते, जवळ पाण्याचा तांब्या, दप्तर अडकवायला खुंटी. तेवढा वेळ तिथे टीव्ही नको, मोबाईल नको आणि पाहुण्यांच्या गप्पाही नकोत.

तिसरी गोष्ट, सामान. पेन्सिल, खोडरबर, टोकयंत्र. बाजाराला गेलात की दहा रुपये यासाठी बाजूला ठेवा. पेन्सिल नाही म्हणून अभ्यास राहिला, असे होऊ नये.

चौथी गोष्ट, सोबत. लेकराजवळ कोणीतरी बसावे. आई भाजी निवडत बसेल, आजोबा दोरी वळत बसतील. शिकवायचे नाही, नुसते बसायचे. आपले काम कोणीतरी पाहते आहे, एवढ्याने लेकराला हुरूप येतो.

पाचवी गोष्ट, हात आवरणे. दोन अर्थांनी हात आवरा. चुकले म्हणून मारू नका. आणि उशीर झाला म्हणून त्याचा अभ्यास तुम्ही किंवा मोठ्या भावाने लिहून देऊ नका. चुकलेला अभ्यास पाहून गुरुजींना कळते की लेकराला काय आले नाही. तुम्ही बरोबर लिहून दिलात तर गुरुजी फसतात आणि लेकरू बुडते.

६. मुलगी आणि मुलगा

आता थोडे कडू बोलतो. अनेक घरांत संध्याकाळी भाऊ वही घेऊन बसतो आणि बहीण भांडी घासते. ती पाणी भरते, झाडलोट करते, धाकट्याला कडेवर घेते. तिचा अभ्यास राहतो. शाळेत दोघांना एकच गुरुजी, एकच पुस्तक. पण घरी आल्यावर दोघांना सारखा वेळ मिळत नाही. वर्षभराने आपण म्हणतो, "पोराचं डोकं चांगलं आहे, पोरीला काही येत नाही." येईल कुठून?

मुलीला वीस मिनिटे द्या. तेवढा वेळ भांडी थांबतील, नाहीतर भाऊ घासेल. त्याचे हात काही झिजत नाहीत. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ लोटला. शाळेचे दार मुलींना उघडले. आता घरातली वीस मिनिटे उघडायची राहिली आहेत.

७. अभ्यास झाला नाही तर?

कधी रास असते. कधी घरात आजारपण असते. कधी लग्नकार्य असते. अभ्यास राहतो. याला इलाज आहे. गुरुजींना चिठ्ठी लिहा. तुम्हाला आता लिहिता येते. नमुना देतो :

गुरुजींना नमस्कार,
काल आमच्या शेतात सोयाबीनची रास होती. घरी यायला रात्र झाली. म्हणून मुलीचा घरचा अभ्यास झाला नाही. आज तो करून घेते. तिला रागावू नये ही विनंती.
(तारीख व सही)

चार ओळींची चिठ्ठी. पण तिने मोठे काम होते. लेकराचे भय जाते. गुरुजींना घरची स्थिती कळते. चिठ्ठी नसली की काय होते पाहा. अभ्यास झाला नाही म्हणून लेकरू घाबरते. घाबरले म्हणून एक दिवस शाळा बुडवते. शाळा बुडाली म्हणून पुढचा धडा समजत नाही. धडा समजत नाही म्हणून पुढचा अभ्यास होत नाही. मग चार दिवस, मग पंधरा दिवस. मग घरचे म्हणतात, "याचं शिक्षणात लक्ष नाही, चल वावरात." मुलगी असली तर स्थळे पाहायला लागतात. कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय अठरा आहे, तरी हे होते. शाळा सुटली ती अशी एकेका कोऱ्या पानाने सुटते. म्हणून पहिल्या कोऱ्या पानालाच लक्ष द्या.

शाळेचीही जबाबदारी आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण मिळाले पाहिजे, असे तो सांगतो. शाळेत मुलाला मारायचे नाही, मनाला लागेल असा छळ करायचा नाही, असेही त्यात स्पष्ट आहे. अभ्यास केला नाही म्हणून मारणे किंवा अंगठे धरून उभे करणे आता चालत नाही. त्याच कायद्याप्रमाणे शाळेतल्या शिक्षकाने पैसे घेऊन खाजगी शिकवणी घेणेही चालत नाही.

अडचण असली तर भांडायला जाऊ नका, बोलायला जा. आधी वर्गाच्या गुरुजींना भेटा, मग मुख्याध्यापकांना. त्यानंतर शाळा व्यवस्थापन समिती आहे. त्या समितीत शंभरात पंचाहत्तर सभासद पालकच असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या बाया असतात. म्हणजे ती समिती तुमचीच आहे. सभेत विचारा, "आमच्या लेकरांना घरचा अभ्यास किती देता? तो तपासता का?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. न तपासलेला अभ्यास देणे म्हणजे पेरून राखण न करणे.

८. ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी

आपल्या भागातून पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला जातात. मागे लेकरू राहते ते आजीजवळ, नाहीतर कोपीवर जाते ते मायबापाबरोबर.

लेकरू गावात राहणार असेल तर जाण्याआधी गुरुजींना सांगून जा. हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, विचारा. आजीला लिहिता-वाचता येत नसले तरी ऐकता येते. वर सांगितलेल्या पाचही गोष्टी आजी करू शकते.

लेकरू बरोबर येणार असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवले की कारखान्याजवळच्या शाळेत लेकराला बसवता येते. दाखला जवळ नाही म्हणून शाळेने प्रवेश नाकारायचा नाही, असे कायदा सांगतो. भाषेचे आणि गणिताचे पुस्तक बरोबर न्या. परत आल्यावर सहा महिन्यांचा अभ्यास एका महिन्यात लिहून काढा, असे कोणी म्हणू नये. लेकरू कुठपर्यंत आले आहे ते पाहून तिथून पुढे न्यावे.

९. मोबाईलवरचा अभ्यास

२०२० साली करोनाची साथ आली. शाळा बंद झाल्या. गुरुजी मोबाईलवर अभ्यास पाठवू लागले. ज्या घरात मोबाईल होता त्यांची सोय झाली. ज्या घरात नव्हता, किंवा एकच मोबाईल बापाच्या खिशात वावरात होता, तिथली लेकरे मागे पडली. शाळा पुन्हा सुरू झाल्या, पण काही ठिकाणी मोबाईलवर अभ्यास पाठवायची चाल राहिली आहे.

लहान लेकराच्या अभ्यासाला मोबाईल लागलाच पाहिजे असे नाही. तुमच्याकडे नसेल तर गुरुजींना मोकळेपणाने सांगा आणि अभ्यास वहीत लिहून द्यायची विनंती करा. असेल तर अभ्यासापुरता आपल्या डोळ्यांसमोर द्या आणि काम झाले की परत घ्या. अभ्यासाच्या नावाने हातात गेलेला मोबाईल खेळाच्या नावाने परत येतो, हे आपण पाहतोच.

१०. ध्यानात ठेवायचे

घरचा अभ्यास द्यावा गुरुजींनी आणि तपासावाही गुरुजींनी. तो करावा लेकराने. त्याला वेळ, जागा आणि धीर द्यावा मायबापाने. पहिली-दुसरीला लेखी अभ्यास नको, पण वाचन रोज हवे. तिसरी ते पाचवीला रोज वीस मिनिटे पुरे. मुलाला जेवढा वेळ तेवढाच मुलीला. अभ्यास राहिला तर चिठ्ठी लिहावी, पण शाळा बुडवू देऊ नये.

आज रात्री लेकराला म्हणा, "एक पान तू वाच, एक पान मी वाचते." कोण कुठे अडखळते ते दोघे मिळून पाहा.

प्रश्न

१. गृहपाठ या शब्दाचा अर्थ काय?
२. चौथीतल्या मुलाला रोज साधारण किती मिनिटांचा घरचा अभ्यास असावा? हिशेब करून सांगा.
३. "न समजण्याचे ओझे" म्हणजे काय? तुमच्या शब्दांत सांगा.
४. लेकराचे वजन २५ किलो असेल तर दप्तर किती वजनाचे असावे?
५. तुमच्या घरी संध्याकाळी मुलाला अभ्यासाला किती वेळ मिळतो? मुलीला किती मिळतो?
६. लेकरू आजारी असल्यामुळे अभ्यास झाला नाही, अशी गुरुजींना चार ओळींची चिठ्ठी लिहा. खाली तारीख घाला आणि सही करा.